यादीत नसलेल्या वसुधाकाकू

एथ्निक स्टडीज हा विषय मी घेतला तो निव्वळ आळसापोटी. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी कॉम्प्युटर सायन्सच्या मुलांना समाजाशी संबंध असलेला एक तरी विषय घेणं सक्तीचं होतं, माझी मंगळवार-गुरुवारची दुपार रिकामी होती आणि हा वर्ग माझ्या लॅबच्या खालच्याच मजल्यावर भरायचा. ॲरिझोनात ऑक्टोबर उजाडला तरी ऊन हटत नाही, तेव्हा एका इमारतीतून दुसरीत चालत जायला नको, एवढाच माझा विचार होता. पुढे आयुष्यभर मी हाच विषय शिकवला. त्याची ओढ कुठून लागली असं कुणी विचारलं की मी काहीतरी भारदस्त सांगते. खरं कारण एसी. पण त्या आळसाने वर्षभरात आमच्या घरात असा काही गोंधळ घातला, की आईची वीस वर्षांपूर्वी हरवलेली मैत्रीण तिला परत मिळणार की त्या नादात मीच आईला गमावून बसणार, हे काही आठवडे कुणालाच सांगता आलं नसतं. मला ते आठवडे लिहायचे आहेत.

आमचं घर चँडलरला. बाबा चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर होते. तिथे ते डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख चढवून काम करायचे आणि घरी आले की त्याची भरपाई म्हणून बनियनवर फिरायचे. आई एका शाळेच्या ऑफिसात होती. नव्या मुलांची नावं नोंदवायची, जुन्यांची कागदपत्रं जपायची. जगभरच्या आडनावांची स्पेलिंगं तिच्या हातून कधी चुकली नाहीत आणि याचा तिला उघड अभिमान होता. घरात सदैव आवाज असायचा. गुरुवारी सकाळी गल्लीतले माळी पानं उडवायचं यंत्र घेऊन यायचे, मागच्या भिंतीवर होले घुमत बसायचे, बाबा फोन स्पीकरवर टाकून नागपूरच्या काकांशी ओरडून बोलायचे आणि आई ऑफिसच्या कॉलवर असली तरी कुकरच्या शिट्ट्या मोठ्याने मोजायची. "येस, आय विल सेंड द फॉर्म, तीन, बाय फ्रायडे."

आणि वाळवणं! महाराष्ट्रातल्या कुठल्याही गच्चीला हेवा वाटावा असं ऊन आम्हाला फुकट मिळालं होतं. मे महिन्यात आईची कुरडयांची टीम आमच्या अंगणात जमायची. मराठी मंडळातल्या सात-आठ बायका पहाटे पाचला यायच्या, कारण आठनंतर पायाखालची फरशी भाजायची. गव्हाचा चीक शिजल्याचा तो आंबूस, गरम वास मला अजून नुसत्या आठवणीने येतो. वाटीत चीक, त्यावर तूप आणि साखर, आणि तो खायला मला झोपेतून उठवलेलं. सकाळी घातलेली कुरडई दुपारी दोनला डब्यात. एकदा वसाहतीच्या कमिटीने पत्र पाठवलं की अंगणात "अनोळखी वस्तू" पसरल्या आहेत. बाबांनी त्यांना उत्तरादाखल तळलेल्या कुरडयांची पिशवी दिली आणि पुन्हा पत्र आलं नाही. आता माझ्या गुडघ्यांना पहाटे पाच झेपत नाही, मी कुरडया दुकानातून आणते, आणि त्या बऱ्या असतात.

तर वर्ग. एथ्निक स्टडीज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या, मेक्सिकन, आशियाई आणि मूळनिवासी लोकांचा इतिहास त्यांच्या बाजूने वाचायचा विषय, हे मला पहिल्या दिवशी ठाऊकही नव्हतं. प्रोफेसर ओर्तेगा आत आल्या. ठेंगण्या, पिकल्या केसांची लांब वेणी, पायात धुळीचे बूट. त्यांनी पडद्यावर एक जुना नकाशा लावला आणि विचारलं, "चँडलरचं कोण आहे?" मी हात वर केला. "रस्ता कुठला?" मी सांगितला. त्या काठी घेऊन नकाशापाशी गेल्या आणि ती एका चौकोनावर टेकवली. "इथे कापूस होता. माझी आजी इथे वेचायची. तुझी झोपायची खोली साधारण तिच्या ओळीत येत असेल." मग काठी थोडी वर सरकवून त्यांनी कालव्यांच्या रेषा दाखवल्या. आम्ही ज्याच्या कडेने सायकली चालवायचो तो कालवा ज्या मार्गाने जातो, तो मार्ग युरोपातून कुणी इकडे फिरकण्याच्या कितीतरी आधी इथल्या लोकांनी हातांनी खणून ठेवलेला होता. एकोणीस वर्षं मी त्या गावात राहत होते आणि मला वाटत होतं की आमच्या आधी तिथे फक्त वाळू होती.

त्या दिवशी गाडी कशी चालवली मला आठवत नाही. घरात शिरता शिरता मी ओरडले, "बाबा! डू यू नो, आपल्या गराजखाली कॉटन होतं?"

बाबा बनियनवर वर्तमानपत्र वाचत होते. "घ्या," ते म्हणाले, "विदर्भातून पळून आलो आणि कापसातच येऊन पडलो."

पुढचे काही महिने मी घरच्यांना भंडावून सोडलं. जेवताना, गाडीत, देवाची आरती चालू असतानासुद्धा. शिरा खाणाऱ्या पाहुण्यांना मी विचारायची, तुमच्या घरापूर्वी त्या जमिनीवर कोण होतं माहीत आहे का? वीस वर्षांच्या मुलीला नवं काही कळलं की ते आपल्याआधी कुणालाच कळलं नव्हतं असं तिला वाटतं, आणि मी तर त्यात पहिला नंबर. मी तो विषय मायनर, म्हणजे जोडविषय, म्हणून घ्यायचं ठरवलं तेव्हा बाबा म्हणाले, "मला एक समजत नाही, रेवा. एथ्निक म्हणजे आपणच ना? मग आपला अभ्यास आपण काय करायचा? आरशात बघून?" आई म्हणाली, "मेजर कॉम्प्युटर आहे ना? मग करू दे तिला. एखादीला भरतकाम आवडतं." आपल्या पोरीचं भरतकाम आपल्याच पदरापर्यंत येईल हे बिचारीला कुठून कळावं?

तिसऱ्या वर्षी ओर्तेगाबाईंचा सेमिनार होता. आम्ही जेमतेम अकरा जण. शेवटी प्रत्येकाने मोठ्या हॉलमध्ये आपला प्रकल्प मांडायचा आणि घरच्यांना बोलवायचं अशी रीत होती. बाईंनी काम दिलं ते एका वाक्यात मावणारं. "दुसऱ्यांकडे बघायला जाऊ नका. तुमच्या लोकांनी स्वतःबद्दल छापलेला कागद आणा. आधी वाचा कोण आहे, मग वाचा कोण नाही." मग त्यांनी आपल्याच चर्चच्या महिला मंडळाचे दोन फोटो दाखवले. एकात नऊ बायका, दुसऱ्यात आठ. त्या नवव्या बाईला शोधायला त्यांना चार वर्षं लागली होती. शेवटी ती सापडली तेव्हा काय झालं असं आम्ही विचारलं तर म्हणाल्या, "ते तिचं आणि माझं आहे."

माझ्याकडे कागदांना तोटा नव्हता. आमचं मराठी मंडळ दर दिवाळीला स्मरणिका काढायचं आणि सगळ्या जुन्या स्मरणिका आमच्या गराजमध्ये दोन खोक्यांत होत्या, कारण आई टाकून देणाऱ्यातली नव्हती. ती खोकी मी जेवणाच्या टेबलावर उपडी केली. त्या वेळी माझं मराठी म्हणजे स्वयंपाकघरातलं. बोलणं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. रविवारच्या मराठी शाळेत बाराखडी शिकले होते, पण वाचताना बोट ठेवावं लागायचं. त्या तीन आठवड्यांत त्या स्मरणिकांनी मला वाचायला शिकवलं. आज हे मराठीत लिहिते आहे ते त्यांच्याच जिवावर, त्यामुळे माझ्या भाषेत कुठे अध्यक्षीय मनोगताचा वास आला तर वाचकांनी समजून घ्यावं.

काय काय होतं त्यांत! पहिल्या बर्फाच्या सहलीवर कविता. ढोकळ्याच्या बाजूला दंतवैद्याची जाहिरात. झुकिनीची कोशिंबीर, रिकोटा चीजचे रसगुल्ले, टॉर्टियाच्या पट्ट्यांचा चिवडा. शेवटच्या पानांवर सभासद यादी, एका कुटुंबाला एक ओळ: आधी श्री. आणि नवऱ्याचं नाव, मग सौ. आणि बायकोचं, मग मुलं, मग पत्ता आणि फोन. मी सगळ्या याद्या एकीखाली एक मांडल्या आणि बोट ठेवून खाली यायला लागले. मला गणिताचा कंटाळा असला तरी ओळी जुळवायचा नाद आहे. कुणी नव्याने आलं, कुणी टेक्सासला गेलं, एका जोडप्याला जुळी झाली. अशी खाली येत असताना माझं बोट एका ठिकाणी अडलं. "श्री. दीपक मोहरील, सौ. वसुधा, कु. गौरी." सलग सहा वर्षं ही ओळ होती आणि सातव्या वर्षी गायब.

आता गाव सोडून गेलेले पुष्कळ असतात. पण या वसुधाबाई सहा वर्षं पानोपानी होत्या. नाटकात त्या, गणपतीच्या सजावटीत त्या, आमच्या अंगणात कुरडयांचा सोऱ्या धरून हसताना त्या, आणि प्रत्येक फोटोत त्यांच्या शेजारी माझी आई. त्यांची "मायक्रोवेव्हमधले तीन मिनिटांचे पेढे" ही पाककृती आधी त्यांच्या नावाने छापलेली होती. ज्या वर्षी ओळ गेली, त्याच्या पुढच्या वर्षी तीच पाककृती, तेच शब्द, आणि खाली "संकलित". मी खुर्चीतून उठून स्वयंपाकघरात दोन गिरक्या घेतल्या. मला माझी नववी बाई सापडली होती! चार वर्षं नाही, फक्त तीन आठवडे!

"आई, धिस इज ह्यूज," मी स्मरणिका तिच्या नाकासमोर धरली. "वसुधा मोहरील कोण? शी जस्ट डिसअपीअर्स."

आई शेंगदाणे भाजत होती. तिने फोटोकडे पाहिलं, कढईतलं उलथणं फिरवलं, पुन्हा फिरवलं. "होती एक. गेली ती."

"व्हेअर?"

"रेवा, दुसरं काही नाव नाही का सापडलं तुला? साठ घरं होती मंडळात."

शेंगदाणे करपले. आईच्या हातून शेंगदाणे करपलेले मी त्याआधी पाहिले नव्हते. पण मी इतकी हरखलेली होते की मला वास आला, अर्थ आला नाही.

संध्याकाळी बाबांना विचारलं. ते बाहेर रोपांना पाणी घालत होते. "वसुधा? ती इथेच आहे की, मेसाला. वीस मिनिटांवर. दीपक मिनेसोटाला गेला, ही आणि पोरगी राहिल्या. डिव्होर्स झाला ना त्यांचा. मला हार्डवेअरच्या दुकानात भेटते अधूनमधून. कॉलेजात मॅथ्स शिकवते. एकदा तिने मला कुठला नळ घ्यावा ते सांगितलं."

"आईला माहितीये?"

"मी दर वेळी येऊन सांगतो," बाबा म्हणाले. "ती दर वेळी आत जाते."

माझ्या डोक्यात पेपर तयार झाला. समाजाने घटस्फोटित बाईला कसं पुसून टाकलं! मी दोन दिवस झपाटल्यासारखी लिहीत होते. पितृसत्ता हा शब्द मी पहिल्या पानावर सहा वेळा वापरला होता. मंडळाच्या त्या वर्षीच्या सेक्रेटरीबद्दल एक जळजळीत परिच्छेद लिहिला: त्या निनावी हातांनी एक बटण दाबून एका स्त्रीचं अस्तित्व मिटवलं, वगैरे. तळटीप द्यायची म्हणून मी सातव्या वर्षीच्या स्मरणिकेचं शेवटचं पान उघडलं. आभाराच्या खाली बारीक अक्षरात छापलं होतं, "सभासद यादी, संकलन व टंकलेखन:" आणि पुढे माझ्या आईचं नाव. सौ. सुनंदा.

मी ते नाव बोट ठेवून वाचलं, मग बोट काढून वाचलं. नंतर लॅपटॉप मिटला आणि बराच वेळ कपडे वाळवायच्या यंत्रासमोर बसून राहिले.

रविवारी सकाळी बाबा भाजी आणायला गेले होते. आई वाटाणे सोलत होती. मी समोर बसले आणि मीही सोलायला लागले. मला भांडायचं होतं, पण तोंडून निघालं ते एवढंच, "आई, लिस्ट तू टाइप केली होतीस."

चार-पाच शेंगा सोलून झाल्यावर ती म्हणाली, "दीपकचा फोन आला होता. म्हणाला, वहिनी, मी मिनेसोटाला शिफ्ट झालो, आमचं नाव काढा लिस्टमधून. मी काढलं. एक फॅमिली, एक लाइन. त्याची लाइन काढली तर तीसुद्धा गेली, हे मला त्या क्षणी लक्षातच आलं नाही, देवाशप्पथ. आठ दिवसांनी आलं. मग मी तिच्यासाठी नवीन लाइन करायला बसले. पहिल्या रकान्यात श्री. लिहायचं, तिथे काय लिहू? सौ. लिहू? ते आता खरं नव्हतं. श्रीमती लिहिलं तर लोक म्हणतील दीपक गेला की काय. तिलाच विचारायचं, तर फोन करून काय विचारू? वसुधा, तुझा डिव्होर्स झाला, आता तुझ्या नावापुढे काय लावू? अध्यक्षकाकांना विचारलं, ते म्हणाले, राहू दे सध्या, उगाच तिला ऑकवर्ड होईल. मी राहू दिलं. तिच्या नावाआधी काय लिहायचं ते कळेना, म्हणून मी नावच लिहिलं नाही."

"पण फोन तर करायचास ना. नुसता."

"संक्रांतीला करणार होते. मग वाटलं, आमंत्रण गेलं नाही, ती चिडली असेल, आता कुठल्या तोंडाने करू. मग पाडव्याला करणार होते. जितका उशीर तितकं अवघड होत जातं, बाळा. वर्षभराने तर फोनकडे बघवेना." वाटाण्यांच्या सालांचा ढीग तिने उगीचच एका बाजूने दुसऱ्या बाजूला केला. "मला गाडी चालवायला तिने शिकवलं. फ्रीवेवर पहिल्यांदा गेले तेव्हा शेजारी ती होती. मी रडत होते आणि ती म्हणत होती, रड, पण आरशात बघत रड."

मला तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं आणि त्याच वेळी तिचा रागही आला. दोन्ही मी त्या वेळी केलं नाही. मी मूर्खासारखी म्हणाले, "बट आय हॅव टू प्रेझेंट धिस, आई. सहा तारखेला."

आईने मान वर केली. "हॉलमध्ये? सगळ्यांसमोर?" मग अगदी हळू, "लाव बोर्डावर. मी येणार नाही. आणि त्यानंतर मला काही सांगत जाऊ नकोस तुझ्या कॉलेजातलं." ती उठून गेली. दुपारी जेवताना तिने मला वाढलं, पण कुकरच्या शिट्ट्या मनातच मोजल्या.

सोमवारी मी ओर्तेगाबाईंच्या खोलीत जाऊन रडले. पुढे मी शिकवायला लागल्यावर कॉलेजातल्या माझ्या खोलीतही पुष्कळ मुलं येऊन रडली, म्हणून टेबलावर कागदी रुमालांचा डबा ठेवायची सवय मी त्यांच्याकडूनच उचलली. बाईंनी माझा पेपर वाचला. पितृसत्तेच्या पानावरून त्या भराभर पुढे गेल्या. जळजळीत परिच्छेदाशी थांबल्या. "हे लिहिताना मजा आली?"

"हो," मी कबूल केलं.

"म्हणूनच इथे गडबड आहे. तुला कोण नाही ते सापडलं. पण ती अजून आहे, वीस मिनिटांवर. तुझी आई तर तुझ्याच घरात आहे. त्या दोघींना हे एकमेकींकडून कळायच्या आधी हॉलला कळलं, तर तू दुसऱ्यांदा तेच बटण दाबशील." त्यांनी पेपर मला परत दिला. "सहा तारीख सोड. मी अपूर्ण असा शेरा देते. पुढच्या सत्रात दे, नाहीतर देऊ नकोस."

आयुष्यात मला कधी अपूर्ण शेरा मिळाला नव्हता. खरं सांगते, त्या इमारतीतून बाहेर पडताना मला पंख फुटल्यासारखं वाटत होतं. कॉम्प्युटरच्या वर्गात प्रोग्राम चालला की काम संपायचं. या विषयात काम पुरं झालं असं वाटलं की तिथून ते सुरू व्हायचं, आणि त्यात आपली आई असायची. मला दुसरं काही शिकायचंच नाही हे मला पार्किंगमध्ये, चटके देणाऱ्या स्टिअरिंगला हात लावत, उमजलं.

घरी जाऊन मी आईला एवढंच सांगितलं, "कॅन्सल केलं. मी प्रेझेंट नाही करत." आणि वसुधाकाकूंचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी टेबलावर ठेवली. तो पत्ता कॉलेजच्या ऑफिसातून नाही, बाबांकडून मिळाला. नळ बसवल्यावर आभाराचं कार्ड पाठवायला त्यांनी घेतला होता. चिठ्ठी चार दिवस तिथेच होती. आई तिच्याभोवती टेबल पुसायची. शनिवारी सकाळी आईने केस धुतले, निळा ड्रेस घातला, आरशात पाहिलं, तो काढून साधा घातला आणि म्हणाली, "चल. तू चालव."

मेसातली ती एक मजली घरांची वसाहत. दारात कोरफडीच्या कुंड्या. मी गाडीतच थांबणार होते, पण आईने माझं मनगट सोडलं नाही. दार उघडलं ते पांढऱ्या आखूड केसांच्या, चष्मा कपाळावर सरकवलेल्या बाईंनी. हातात तपासायचे पेपर आणि लाल पेन. त्यांनी आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा आईकडे. आत या म्हणाल्या नाहीत.

"वसुधा," आई म्हणाली. गाडीत तिने भाषण तयार केलं होतं, मी ओठ हलताना पाहिले होते. त्यातलं एक अक्षर निघालं नाही. "यादीतून तुझं नाव मी काढलं. मंडळाने नाही. मी."

काकू उंबऱ्याच्या आत तशाच उभ्या. रस्त्यावरून एक आइस्क्रीमची गाडी गाणं वाजवत गेली आणि वळून दिसेनाशी झाली.

"मला वाटलं, तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंत," काकू शेवटी म्हणाल्या. "मीटिंग घेऊन."

"नाही गं. मीटिंग नाही, काही नाही. मी एकटीने. आणि मग घाबरले."

"एकटीने?" काकूंचा आवाज चढला. "सुनंदा, वीस वर्षं मी साठ घरांवर रागावले होते! साठ! इंडियन ग्रोसरीला जायची सोडली, गौरीला मराठी शाळेतून काढलं, कुणी समोर दिसलं की गल्ली बदलली. आणि तू आज येऊन सांगतेस, एकाच घरावर रागवायचं होतं?" त्या हसल्या की काय असं मला वाटलं, पण डोळे भरले होते. "जा. आज मी चहा देणार नाही. आज मला बोलताच यायचं नाही. पुढच्या रविवारी ये, दोनला. हिला आणू नकोस."

दार लागलं. मला वाटलं, संपलं सगळं, आणि हे मी घडवलं. गाडीत बसल्यावर आईकडे पाहायची हिंमत होईना. पण तिने पट्टा लावला, नाक पुसलं आणि दोन्ही हातांनी माझा हात धरून हलवला. "रविवार दिला तिने," ती म्हणाली. "ऐकलंस ना? दोनला म्हणाली. वेळसुद्धा दिली." फ्रीवेवर येईपर्यंत तिने ते मला तीनदा ऐकवलं.

पुढचा रविवार कधी येतो असं आम्हा तिघांनाही झालं होतं. आई एकटी गेली, स्वतः गाडी चालवत. निघताना मी गराजपर्यंत धावत जाऊन विचारलं, "आई, रेकॉर्डर देऊ का?" तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी तो खिशात परत कोंबला. बाबांनी टीव्ही लावला आणि आवाज बंद ठेवून बघत बसले. दोनाचे तीन झाले, चार झाले. मी चाळा म्हणून वरण-भाताचा कुकर लावला आणि शिट्ट्या मोजायला विसरले.

साडेपाचला गराजचं दार वर गेलं. आई आत आली. डोळे सुजलेले, नाक लाल, आवाज पार बसलेला. तिने आल्या आल्या ताट घेतलं आणि उभ्यानेच वरण-भात कालवून खायला लागली.

"दिला का चहा?" बाबांनी विचारलं.

"छे!" आई घास तोंडात असतानाच म्हणाली. तिचा चेहरा इतका उजळलेला मी माझ्या लग्नातही पाहिला नाही. "तीन तास भांडलो. अजून निम्मंसुद्धा झालं नाही. पुढच्या रविवारी परत बोलावलंय."